चार वाजताचा बार

४ फेब्रुवारी

धाकट्या,

आधी हे वाच, आणि वाचून हसू नकोस. फोनच केला असता, पण तुझ्या कानांशी भांडायचं बळ माझ्यात उरलेलं नाही. जन्मभर बंदुका दुरुस्त केल्यास, त्यांचे बार काढून काढून कान घालवून बसलास, आणि आता बहिणीला दोन शब्द बोलायचे तर पोस्टाचं तिकीट चाटावं लागतं.

गेल्या गुरुवारी, दुपारी चारच्या सुमाराला, मी मागे स्वयंपाकघरात होते. आमची चिमणी शाळेत. पुढचं दार मी स्वतः आतून लावलेलं. फडताळातल्या ताटल्या आधी किणकिणल्या. कोणी हळूच नखाने वाजवाव्यात तशा. मग क्षणभर अशी शांतता पसरली की बागेतला एक पक्षी बोलेना. आणि पुढच्या खोलीत बार उडाला.

मी धावले. खोलीत माणूस नाही. दाराची कडी जशीच्या तशी. ह्यांची बंदूक खुंट्यांवर नव्हती, खाली फरशीवर पडली होती, दस्ता दाराकडे, नळी खिडकीकडे. धाकट्या, त्या दिवशी ती अशीच पडली होती. हे गेले त्या दिवशी. एक बोट इकडे नाही, एक बोट तिकडे नाही. आणि ह्यांच्या वेताच्या खुर्चीच्या पाठीला, वरच्या बाजूला, जिथे डोकं टेकतं तिथे, मूठ जाईल एवढं भोक.

अकरा महिने ती बंदूक त्या दोन खुंट्यांवर आडवी आहे. मी तिला रिकामीच समजत होते.

शेजारच्या शिवणवाल्या बाई म्हणतात, तो माणूस अपुरा गेला, त्याचं काहीतरी राहिलंय. एरवी मी त्यांना दोन शब्द सुनावले असते. त्या दिवशी नुसती ऐकत बसले.

चिमणीला काही सांगितलं नाही. खुर्चीवर चादर टाकली. तिने ती बघितली, विचारलं काहीच नाही. ती आताशा काहीच विचारत नाही. शाळेत कोणीतरी म्हणालं, तुझ्या बाबांनी स्वतःहून तुम्हाला टाकलं. तेव्हापासून तिच्या तोंडून 'बाबा' हा शब्द गेलाय. बारा वर्षांची पोर, पण घरात पाहुण्यासारखी वावरते.

तू बंदुकीतला माणूस. मला एवढंच सांग: हात लावायला कोणी नसताना बार उडतो का?

ताई


९ फेब्रुवारी

ताई,

पत्र वाचून हातातलं काम ठेवलं. भूतबीत काही नाही. आधी सांगतो तेवढं कर, बाकीचं मग.

बंदुकीकडे जाताना ती भरलेलीच आहे असं धरून चाल. काल रिकामी केली असली तरी आज भरलेलीच. नळीचं तोंड माणसाकडे नको, दाराकडे नको. मागे जाड भिंत असेल तिकडे ठेव. बोट चापापासून लांब, चापाभोवतीच्या कडीच्या बाहेर. वरची कळ बाजूला सारून बंदूक मोड, म्हणजे मधून वाकवून उघडी कर, आणि दोन्ही नळ्यांत डोळ्यांनी बघ, करंगळी घालून बघ. मग नळ्या दस्त्यापासून वेगळ्या कर. नळ्या एका कपाटात, दस्ता दुसऱ्यात, काडतुसं तिसरीकडे, आणि तिन्हींना कुलूप. डब्याच्या मागे, उशीखाली, असलं नको. पोरांना घरातली एकूण एक जागा माहीत असते.

बंदूक जुनी आहे. आतले भाग झिजतात. धक्का बसला की झिजलेला भाग दगा देऊ शकतो. वय झालंय तिचं, दुसरं काही नाही.

पण ताई, एक गोष्ट सरळ विचारतो. बंदूक कधी कधी आपोआप सुटते, हे मी पाहिलंय. आपोआप भरली गेलेली बंदूक मी आजवर पाहिली नाही. काडतूस कोणी घातलं? चिमणीवर लक्ष ठेव.

आणि ती बंदूक तिथल्या कुणा कारागिराला दाखवू नकोस. उगाच उघडतील आणि बिघडवून ठेवतील. मी सवडीने येऊन घेऊन जाईन.

धाकटा


१७ फेब्रुवारी

धाकट्या,

परवा मंगळवारी पुन्हा.

तीच वेळ. आधी ताटल्या, मग ती शांतता. या खेपेला मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरच उभी होते, भिंतीआड. बार उडाला आणि मी मोठ्याने म्हणाले, "बसा हो, चहा टाकते." का म्हणाले मला ठाऊक नाही. तोंडातून निघून गेलं. रोज चारला ते बागेतून यायचे, बंदूक टांगायचे, खुर्चीत बसून बूट काढायचे, आणि मी हेच म्हणायचे.

नळ्या वेगळ्या करायला मला जमलं नाही. कळ घट्ट आहे.

आता माझे प्रश्न. त्या बंदुकीला सेफ्टीचं बटण आहे. ते मागे ओढलेलं असलं की बार उडत नाही, असं ह्यांनीच मला शिकवलं होतं. परवा बार उडण्याआधी ते मागेच होतं, माझी खात्री आहे, आणि उडाल्यानंतरही मागेच होतं. मग त्या बटणाचा उपयोग काय? नुसती शोभा?

दुसरं. इथल्या कारागिराला दाखवू नको असं का म्हणालास? बिघडलेली बंदूक तो आणखी काय बिघडवणार?

तिसरं. दोन वर्षांपूर्वी हे ती बंदूक घेऊन तुझ्याकडे आले होते. परत आले ते लहान मुलासारखे खुशीत. म्हणाले, "धाकट्याने कमाल केली, लोण्यात सुरी जावी तसा चाप झालाय." तू नेमकं काय केलं होतंस?

चिमणीवर लक्ष ठेव म्हणतोस. ठेवते. ती रोज शाळेतून आली की खुर्चीवरची चादर सरळ करते. कोणीतरी बसून उठल्यावर करावी तशी.

ताई


२२ फेब्रुवारी

ताई,

सेफ्टीचं सांगतो.

तुमच्या बंदुकीचे घोडे आत आहेत, डोळ्यांना दिसत नाहीत. बंदूक मोडून मिटली की दोन्ही घोडे मागे ताणून बसतात, आणि बंद बंदुकीत ते कायम ताणलेलेच असतात. प्रत्येकाला एक छोटा खटका अडवून धरतो. घोड्याला खाच असते, त्या खाचेत खटक्याचं टोक बसतं. चाप ओढला की टोक निसटतं आणि घोडा काडतुसावर आदळतो. सेफ्टी काय करते? फक्त चाप अडवते. खटका अडवत नाही, घोडाही अडवत नाही. दाराला बाहेरून कडी घातली, पण बिजागरीच निखळली, तर कडी काय करील? तसं आहे हे. चांगल्या बंदुकांत दुसरा खटका असतो, पहिला चुकून निसटला तर घोड्याला अधांतरी धरणारा. तुमच्या बंदुकीत तो नाही.

डोंगरापलीकडे दगडाची खाण आहे ना तुमच्याकडे? आधी भोंगा होतो आणि मग सुरुंग उडवतात. चारच्या सुमाराला. ताटल्या वाजतात त्या पहिल्या लहान सुरुंगाने, बार उडतो तो पुढच्या मोठ्याने. ताटल्यांना कळतं ते खुंटीलाही कळतं, आणि खुंटीवरच्या बंदुकीलाही.

आता माझी पाळी. दोन्ही पत्रं समोर ठेवून बसलोय. खुर्चीला भोक पडलं म्हणतेस. खुर्चीमागे खिडकी आहे. वेत काही छर्रे अडवत नाही. मग काच फुटली असं एकाही पत्रात का नाही? ते छर्रे गेले कुठे? तू खुर्चीमागे काहीतरी ठेवलं होतंस. आणि बार उडण्याआधी सेफ्टी मागे होती, हे तुला कसं माहीत? तू बघितलं होतंस. म्हणजे ती बंदूक तिथे भरलेली आहे, हे तुला ठाऊक होतं.

ताई, तूच भरतेस.

कशासाठी, ते मला सांगू नकोस, पण थांब. हा खेळ नाही. तुझ्या पाया पडतो.

धाकटा


२६ फेब्रुवारी

धाकट्या,

बरं झालं. एकाने तरी पत्र नीट वाचलं. चौकशीवाल्यांनी घर एवढं बारीक वाचलं असतं तर मला हे करावं लागलं नसतं.

हो, मीच भरते. जानेवारीच्या सहा तारखेपासून. खाणीत आठवड्याला तीन-चार दिवस सुरुंग असतात. त्या दिवशी साडेतीनला मी दार आतून लावते, खुर्चीमागे वाळूची चार पोती रचते, बंदुकीत एक काडतूस घालते, सेफ्टी मागे ओढते, तिला खुंट्यांवर आडवी ठेवते आणि भिंतीआड जाऊन उभी राहते. सतरा वेळा काही झालं नाही. दोनदा उडाली.

का करते? माझ्याकडे चौकशीचा कागद आहे. पाठ झालाय. "बंदूक टेबलावर ठेवून तपासली. चाप ओढल्याशिवाय सुटत नाही. बंदूक जमिनीवर पडलेली आढळली, यावरून ती मयताच्या हातात असावी. सेफ्टी पडताना मागे सरकली असावी. सबब मयताने स्वतःच चाप ओढल्याचे दिसते." असावी, असावी, सबब! दोन 'असावी'वर त्यांनी माझ्या माणसाला आत्मघातकी ठरवलं. आणि लोकांनी मान डोलावली. का, तर म्हणे तो अलीकडे गप्प गप्प असायचा. अरे, सांधे दुखत होते त्यांचे! खांदा वर जात नव्हता, म्हणून तर खुंट्या खाली ठोकून घेतल्या, बसलेल्या माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवर. दुखणारा माणूस काय गाणी म्हणेल?

तो कागद चिमणीने वाचला. माझ्या पेटीतून काढून वाचला आणि घडी घालून परत ठेवला. घडी उलटी पडली म्हणून मला कळलं.

बंदूक चाप न ओढता सुटते. सुटली की धक्क्याने खुंट्यांवरून उडून खाली पडते, त्या दिवशी पडली होती तशीच. हे मी दोनदा डोळ्यांनी बघितलं. पण माझं कोण ऐकणार? विधवा बाई, डोक्यावर परिणाम झालाय म्हणतील. तुझं ऐकतील.

भुताचं लिहिलं ते तुला बोलतं करायला. सरळ विचारलं असतं तर तू सरळ टाळलं असतंस. लहानपणी बरणी फोडलीस तेव्हाही तू असाच, आधी उपदेश आणि मग घाम. पण एक कबूल करते. पहिल्या खेपेला बार उडाला आणि धुरात ती खुर्ची किंचित हलली, तेव्हा भरणारी मी होते हे मी साफ विसरले होते.

आता खेळ थांबवते. काडतुसं पिठाच्या डब्यामागे ठेवलीत. बंदूक रिकामी करून खुंट्यांवर टांगलीय.

मला फक्त एक वाक्य हवंय, तुझ्या हातचं. दोन वर्षांपूर्वी तू त्या बंदुकीचं काय केलंस?

ताई


२७ फेब्रुवारी

धाकट्या,

कालचं पत्र मी टपालपेटीत टाकलं आणि बागेच्या वाटेने घरी निघाले. खाणीचा भोंगा झाला. मला काय, बंदूक तर रिकामी होती. मग सुरुंग. आणि त्याच्या पाठोपाठ, लगेच, माझ्या घरातून बार.

माझ्या हातातली पिशवी कुठे पडली ते अजून सापडलेलं नाही.

दार आतून लावलेलं. मी ओरडले, दार बडवलं. आतून कडी निघाली. सावकाश, घाई नसल्यासारखी. दारात चिमणी. परीक्षेमुळे शाळा अर्ध्यावर सुटली होती, हे मला माहीतच नव्हतं. तिच्या केसांत वाळू, भुवयांवर वाळू. तिच्या मागे खोली धुराने भरलेली, आणि खुर्चीसमोर ह्यांचे बूट, जोडीने, नीट लावून ठेवलेले.

मी तिला चाचपत होते, कुठे लागलंय, कुठे लागलंय. ती मला थांबवून म्हणाली, "आई, मी हात लावला नव्हता. मी कोपऱ्यात बसले होते. ती आपोआप सुटली."

महिनाभर ती मला खिडकीतून बघत होती, धाकट्या. शाळेतून लवकर निसटून बागेतल्या झाडावर बसायची. पोती कशी रचते, काडतूस कुठून काढते, सगळं. माझं बघून बघून शिकली. फक्त तिला चारही पोती ओढवेनात, म्हणून तिने दोन लावली. आणि भिंतीआड उभी राहिली नाही. तिला बघायचं होतं. खुर्चीपासून चार हातांवर बसली होती.

खिडकीची काच या खेपेला फुटली.

तू कुलूप म्हणाला होतास. मी डब्यामागे ठेवली.

रात्रभर बसून राहिले. मग सकाळी तुझी पत्रं काढून त्यातलं वाचत वाचत नळ्या वेगळ्या केल्या. कळ घट्टबिट्ट काही नव्हती. तेव्हा खोटं लिहिलं होतं. नळ्या शिवणवाल्या बाईंच्या लोखंडी कपाटात, दस्ता माझ्या पेटीत, काडतुसं पोलीसचौकीत. किल्ल्या माझ्या गळ्यात.

आता तू लिही.

ताई


३ मार्च

ताई,

दोन्ही पत्रं एकदमच मिळाली. दुकान बंद करून बसलो आहे. शब्द जुळवत नाही, झालं तसं सांगतो.

दाजी आले तेव्हा त्यांचं बोट वळत नव्हतं. चाप जड आहे म्हणाले, दोन बोटांनी ओढावा लागतो, तोवर रानडुक्कर बागेतलं झाड उपटून निघून जातं. मी म्हणालो, चाप हलका करायचा म्हणजे खटक्याचं टोक घासायचं, आणि ते घासलं की पकड कमी होते. या बंदुकीला दुसरा खटका नाही, हिला हे करू नये. दाजी म्हणाले, "तोफखाना, तुझ्याएवढे हात कोणाचे आहेत? थोडंसंच कर." तू जाणतेस, ते मला तोफखाना म्हणायचे. कोणी नावाजलं की मी पाघळतो. कानस घेतली आणि थोडंसंच केलं.

असं काम केल्यावर एक परीक्षा घ्यायची असते. रिकामी बंदूक मिटून घ्यायची, घोडे ताणलेले, सेफ्टी मागे, आणि दस्ता लाकडी हातोडीने ठोकत जायचं. घोडा पडता कामा नये. मी ठोकलं. तिसऱ्या ठोक्याला उजवा घोडा पडला. मला ऐकू आलं नाही, पण बोटांना कळलं.

तिथेच थांबायला हवं होतं. नवा खटका बसवल्याशिवाय बंदूक हातात द्यायची नाही, हा माझ्याच गुरूचा नियम. नवा भाग यायला तीन आठवडे लागणार होते. दाजींना दुसऱ्या दिवशी निघायचं होतं. मी म्हणालो, "जपून वापरा हं, आपटू नका, भरलेली घरात नेऊ नका." आणि दिली. ठोकून बघितलं तेव्हा पडला होता, हे मी त्यांना सांगितलं नाही. लाज वाटली. माझ्या हाताचं काम चुकलं, हे मला म्हणवेना.

मग ते गेले. चौकशीवाल्यांचं पत्र आलं, या बंदुकीचं काही काम केलं होतं का. मी लिहिलं, फक्त तेलपाणी. त्या एका शब्दावर तुमचा कागद उभा आहे.

अकरा महिने मी स्वतःला सांगत होतो की दाजी भरलेली बंदूक घरात टांगणारे नव्हते, म्हणजे त्यांनीच केलं असणार. इतरांसारखं मीही ते धरून बसलो, कारण ते खरं असलं तर मी सुटत होतो.

त्या दिवशी काय झालं असेल, ते आता मला दिसतं. बागेत डुकरं शिरली असतील. जरा टेकून, चहा घेऊन परत जायचं, म्हणून काडतूस न काढता त्यांनी बंदूक टांगली. ती त्यांची चूक. नळीचं तोंड बसायच्या जागेकडे, ती खुंटीची चूक. पण या दोन्ही चुका चांगला खटका पचवून गेला असता. तो मी घासला होता.

सोबत वेगळ्या कागदावर सहीनिशी जबाब आहे. एक प्रत चौकशी अधिकाऱ्यांना आजच पाठवतोय. शुक्रवारी मी येतो. चिमणीला मीच सांगेन. तू सांगू नकोस.

तुझा म्हणून सही करायची छाती होत नाही.

धाकटा


१२ मार्च

ताई,

सुखरूप पोचलो. तू जेव म्हणाली नाहीस, मीही थांबलो नाही. बरोबरच होतं.

अधिकाऱ्यांसमोर मी बंदूक टेबलावर जोडली, नळ्यांत सगळ्यांना डोकावायला लावलं, मिटली आणि ठोकायला घेतली, तेव्हा चिमणी पुढे आली आणि दस्त्यावर हात ठेवला. तू ओढायला निघाली होतीस, मी तुला थांबवलं. रिकामी होती, तिनेही दोनदा बघितली होती. पहिला ठोका, दुसरा, तिसरा. चौथ्याला माझ्या बोटांना कळलं आणि मी तिच्याकडे बघितलं. तिलाही कळलं होतं. मग तिने काहीतरी म्हटलं. तोंड वळवून म्हणाली, मला ओठ दिसले नाहीत. अधिकाऱ्यांनी चष्मा काढून पुसला. ती काय म्हणाली? तेव्हापासून तेवढंच डोक्यात आहे.

इकडे जुनी वही काढली. दाजींची सोडून आजवर मी सात बंदुकांचे चाप हलके केलेत. सातही जणांना पत्रं टाकली: बंदूक वापरू नका, काडतुसं काढा, माझ्याकडे आणा. चौघांनी आणल्या. त्यांतल्या एकीचा घोडा दुसऱ्याच ठोक्याला पडला. तिच्या मालकिणीच्या घरात पाळणा आहे. दोघांची उत्तरं आली, येतील. सातव्याचं उत्तर नाही. उद्या पहाटेच्या गाडीने त्याच्या गावाला निघतोय. दारात बसेन, पण घेतल्याशिवाय येणार नाही.

दाजींची बंदूक अधिकाऱ्यांच्या ताब्यात आहे. माझ्यावर काय करायचं ते ते करतील. मी 'नाही' म्हणणार नाही.

धाकटा


२ एप्रिल

धाकट्या,

नवा कागद आला. "बंदुकीतील दोषामुळे अपघाती मृत्यू." यात एकही 'असावी' नाही. चिमणीने तो शाळेत नेला. मी नको म्हणत होते, मोठ्या बाईंना दाखवते म्हणाली. परत आली ती ढोपर फोडून. वर्गातल्या एकीशी मारामारी. कधी नव्हे ते मी रागावले नाही.

ती त्या दिवशी काय म्हणाली ते विचारतोस. म्हणाली, "म्हणजे बाबा नुसते बूट काढत होते."

एवढंच. मग त्या रात्री झोपताना तिने मला विचारलं, त्यांनी एक बूट काढला होता की दोन्ही. मी म्हटलं, एक. दुसऱ्याची नाडी सुटलेली होती. आणि मग ती रडली. वर्षभराचं रडली. शिवणवाल्या बाई दार ठोठावत आल्या.

खुर्ची मी फोडून टाकणार होते. तिने टाकू दिली नाही. दुसऱ्या भिंतीला ठेवलीय, खिडकीपासून लांब. खुंट्या मात्र उपटल्या. खाणीत सुरुंग उडतो तेव्हा आम्ही दोघी हातातलं काम थांबवतो. अजून. थोडा वेळ थांबतो, मग पुढे.

आता तुझं. तीन वेळा कागद घेऊन बसले. "माफ केलं" असं लिहिलं, खोडलं. "करणार नाही" असं लिहिलं, तेही खोडलं. तू खोटं बोललास म्हणून माझी पोर वर्षभर मुकी राहिली. तू खरं बोललास म्हणून ती बोलली. आणि मी जी तुझ्यावर एवढी संतापले, तिच्याच डब्यामागची काडतुसं त्या पोरीच्या हाती लागली होती. कोणाला काय तोंडाने बोलू? सध्या तरी मला यातलं काही जुळवता येत नाही.

सातव्याचं काय झालं, कळव. तोवर झोप लागायची नाही.

चिमणीला सुट्टी लागली की तुझ्याकडे यायचं म्हणते. आत दुसरा खटका कसा बसवतात, ते तिला बघायचंय. तिला एकटीला मी पाठवणार नाही, दोघी येऊ. आम्ही येऊ त्या दिवशी दुकानातली एकूण एक बंदूक मोडून, उघडी करून ठेव. मी दारात उभी राहीन, एकेका नळीतून पलीकडचा उजेड बघेन, आणि मगच तिला आत सोडीन.

ताई